औषध उपकेंद्राच्या कपाटातच आहे

प्रति,
माननीय मंत्री,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य.

विषय: पाळीतल्या असह्य वेदनांवरचे संप्रेरक उपचार अविवाहित मुलींनाही सरकारी दवाखान्यात मिळण्याबाबत.



आपल्या खात्याच्या उपकेंद्रांमध्ये माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं ठेवलेली असतात. आशाताईंच्या पिशवीतही असतात. उपकेंद्रात गोळी फुकट मिळते आणि ती सहसा जाते पात्र जोडप्यांच्या नोंदवहीत जिचं नाव आहे, तिला. त्याच गावात एखादी सतरा वर्षांची मुलगी दर महिन्याला दोन-तीन दिवस पोट धरून पडलेली असते. उलट्या होतात, पाय गळून जातात, कॉलेज बुडतं. तिच्या दुखण्यावर जगभरातले डॉक्टर सुरुवातीला जी औषधं देतात, त्यांतलं एक त्या पाकिटात आहे. पण मुलीचं लग्न झालेलं नाही, म्हणून नोंदवहीत तिचं नाव नाही. हे पत्र एवढ्याच गोष्टीसाठी लिहिते आहे.

मी तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. अशा दुखण्यामागचा एक आजार, एंडोमेट्रिओसिस, मला स्वतःला होता. पाळी कायमची जाईपर्यंत त्याच्याशी संसार केला. त्याचं नाव कळेपर्यंत माझ्या पोटदुखीला पित्त, गॅसेस, अपेंडिक्स आणि शेवटी ‘मनाचं दुखणं’ अशी सगळी नावं मिळून गेली होती. वर्गशिक्षिका म्हणून मुलींच्या रजेच्या चिठ्ठ्या माझ्याकडे यायच्या. ‘ताप आल्यामुळे शाळेत येऊ शकले नाही’ असं वडिलांच्या सहीनं लिहिलेलं असायचं. काही मुलींना हा ताप दर महिन्याला ठरल्या तारखेच्या आसपास यायचा. पाळीचं दुखणं चिठ्ठीत लिहायची सोय नव्हती आणि ते दवाखान्यात सांगायचीही रीत नव्हती.

आपले अधिकारी हा आजार जाणतात. तरी हे पत्र खुलं असल्यामुळे दोन शब्द वाचणाऱ्यांसाठी. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक अस्तर असतं. दर महिन्याला इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ते वाढतं आणि गर्भ राहिला नाही तर पाळीवाटे बाहेर पडतं. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात: बीजकोशावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, गर्भाशयाच्या मागच्या खळगीत, आतड्यावर, मूत्राशयावर. काही बायकांना सिझेरियनच्या व्रणात त्यांची गाठ होते. क्वचित त्या छातीपर्यंतही पोहोचतात. या पेशीही महिन्याच्या संप्रेरकांना प्रतिसाद देतात, पण तिथून रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग दाह होतो, व्रण पडतात, एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. त्या जागी नव्या मज्जातंतूंचे धागे वाढतात आणि दुखणं पाळीचे दिवस ओलांडून महिनाभर रेंगाळू लागतं. बीजकोशात जुनं, काळपट रक्त साठून जी गाठ होते, तिला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात.

हे का होतं, याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडे नाही. जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरनं १९२०च्या दशकात मांडलं, की पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांमधून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. हे उलटं वाहणं बहुतेक बायकांमध्ये होतं, मग आजार दहातल्या एकीलाच का? आनुवंशिकता, प्रतिकारशक्तीचं वागणं आणि संप्रेरकांना पेशींनी दिलेला प्रतिसाद, या सगळ्यांचा त्यात वाटा असल्याचं आज मानलं जातं. मुंबईत परळला असलेली राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्था भारतीय स्त्रियांमधल्या या आजाराचा अभ्यास करते आहे, ही आपल्या राज्याला अभिमानाची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात सुमारे १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे, म्हणजे पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहा टक्के. मूल होण्यात येणाऱ्या अडचणींमागचं हे एक मोठं कारण आहे.

एवढा सर्रास आढळणारा आजार सापडायला मात्र वर्षानुवर्षं लागतात, आणि हे फक्त आपल्याकडे नाही, श्रीमंत देशांतही आहे. एक कारण घरात आहे. ‘बाईच्या जातीला एवढं सोसावंच लागतं’ हे वाक्य आईनं तिच्या आईकडून ऐकलेलं असतं. ओवा खा, गरम पाण्याची पिशवी घे, लग्न झालं की बरं वाटेल, एक मूल झालं की सुटशील. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना तेवढ्यापुरता आराम पडतो. पण लग्न आणि बाळंतपण हा या आजारावरचा उपचार नाही, आणि मुलीला उपचार म्हणून नवरा शोधून देणं तर नाहीच नाही.

दुसरं कारण दवाखान्यात आहे. मुलगी धीर करून जाते, सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि सगळे तिच्याकडे नाटकी म्हणून बघू लागतात. सोनोग्राफीत मोठी गाठ दिसते. पोटाच्या पडद्यावरचे बारीक ठिपके दिसतीलच असं नाही. पूर्वी म्हणायचे की दुर्बिणीतून पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्कं नाही. खेड्यातल्या मुलीला हे ‘निदान नाहीच’ असं ऐकू यायचं, कारण दुर्बिणीचं ऑपरेशन करायला पैसे कुठून आणायचे आणि बिनलग्नाच्या पोरीच्या पोटावर टाके कोण घालून घेणार?

ही अट आता उरलेली नाही. ईश्रे या युरोपीय वैद्यकीय संघटनेनं २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे, की लक्षणांवरून संशय असेल तर दुर्बिणीची वाट न बघता औषध सुरू करता येतं. तपासण्यांत काही सापडलं नाही किंवा औषधानं फरक पडला नाही, तर दुर्बिणीचा विचार करावा. किशोरवयीन मुलींच्या तीव्र वेदनांसाठी तर गर्भनिरोधक संप्रेरक गोळ्या किंवा प्रोजेस्टेरॉनसारखी औषधं हाच पहिल्या फळीचा संप्रेरक उपचार सांगितला आहे. पाळीत खूप दुखणाऱ्या प्रत्येकीला एंडोमेट्रिओसिस असतो असं मुळीच नाही. पण ज्यांना तो नाही, त्यांच्याही पाळीच्या कळा याच गोळ्यांनी बऱ्याचदा कमी होतात. म्हणजे पक्कं नाव हाती येण्याआधीही मुलीला आराम देता येतो.

हे औषध काम कसं करतं, ते समजून घेतलं तर त्याची भीती निम्मी होते. हा आजार इस्ट्रोजेनवर पोसला जातो. रुजलेल्या पेशी स्वतःही थोडं इस्ट्रोजेन तयार करतात, म्हणून तो इतका चिवट असतो. शेतातल्या तणाचं पाणी तोडावं तसं संप्रेरक उपचारांचं आहे: तण मुळासकट उपटलं जात नाही, पण त्याची वाढ बसते. संयुक्त गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन्हींची कृत्रिम रूपं असतात. तिच्यामुळे बीज सुटणं थांबतं, अस्तर पातळ राहतं, रक्त कमी जातं आणि कळा आणणारी प्रोस्टाग्लँडिन ही रसायनंही कमी तयार होतात. फक्त प्रोजेस्टेरॉनसारखी औषधं वेगळ्या रीतीनं तेच साधतात, गर्भाशयातल्या आणि बाहेरच्या पेशींची वाढ दाबतात. रोज एक अशी दोन मिलिग्रॅमची डायनोजेस्ट ही गोळी याच आजारासाठी वापरली जाते. गर्भाशयात बसवायचं संप्रेरकाचं उपकरण काही वर्षं हळूहळू लिव्होनॉरजेस्ट्रेल सोडत राहतं. कुटुंब नियोजनात बसवतात ती तांबी निराळी. तिच्यात संप्रेरक नसतं आणि तिच्यामुळे रक्तस्राव आणि कळा वाढू शकतात. तांबीचा अनुभव घेतलेल्या बाईला हा फरक समजावून सांगायला हवा.

आता आपल्या कपाटाकडे येऊ. माला-एनच्या प्रत्येक गोळीत ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडिऑल असतं. अशा २१ गोळ्या आणि लोहाच्या ७. हीच दोन औषधं, हीच मात्रा, सलग ८४ दिवस घ्यायची अशा रचनेचं पाकीट अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००३ साली मंजूर केलं. ते घेणाऱ्या बाईला वर्षातून चारदाच पाळी येते. पाळीच वैरीण झालेल्या मुलीसाठी पाळ्यांची संख्या कमी करणं हाच उपचार असतो. २०१७पासून आपल्या कुटुंब नियोजन कार्यक्रमात ‘अंतरा’ नावानं आलेलं तीन महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन. त्याचा त्वचेखाली टोचायचा प्रकार अमेरिकेत २००५पासून एंडोमेट्रिओसिसच्या वेदनांसाठी मान्य आहे. कोवळ्या वयात मात्र ते जपून द्यावं लागतं. त्यानं हाडांची घनता काही काळ कमी होते, आणि बंद केल्यावर गर्भ राहायला काही महिने जास्त लागतात.

याच्या वरच्या पायरीची औषधंही आहेत. मेंदूकडून बीजकोशाला जाणारा हुकूमच अडवणारी इंजेक्शनं आणि अलीकडच्या गोळ्या इस्ट्रोजेन फार खाली आणतात. मग अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, हाडं विरळ होतात. म्हणून ती जपून, ठरावीक मुदतीत आणि बऱ्याचदा थोड्या संप्रेरकाची जोड देऊन देतात. ते तज्ज्ञांचं काम, आणि ती जिल्हा रुग्णालयाची किंवा वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी. मी बोलते आहे ती पहिल्या पायरीबद्दल, कारण आपल्याकडे जिना तिथेच तुटलेला आहे.

गोळीला विरोध होईल तो कोणत्या शब्दांत, हे मला ठाऊक आहे. शाळेत पालकसभेत मी ते ऐकले आहेत. ‘लग्नाआधी गोळ्या खाल्ल्या तर पुढे मूल होणार नाही.’ गोळी बंद केली की बीज सुटणं पुन्हा सुरू होतं. मूल होण्यात अडथळा आणण्याची शक्यता आहे ती उपचाराविना राहिलेल्या आजाराची. ‘पाळी आली नाही तर ते घाण रक्त अंगात साठेल.’ गोळी चालू असताना अस्तरच जाड होत नाही, त्यामुळे बाहेर टाकायला काही साठलेलं नसतं. शिवाय पाळीचं रक्त घाण असतं, ही समजूत शाळेच्या विज्ञानाच्या तासालाच पुसली जायला हवी होती. आम्ही शिक्षक पाळीचा धडा मुलींना घरी वाचायला सांगून पुढे गेलो. ‘गोळीनं कॅन्सर होतो.’ संयुक्त गोळी घेत असताना स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. दोन्ही गोष्टी सांगाव्यात. अर्धं सांगितलं की अफवा होते.

गोळीचं नुसतं कौतुक करून मला मुलींना फसवायचंही नाही. सुरुवातीच्या महिन्यांत अधूनमधून डाग पडतात, डोकं दुखतं, मळमळतं, छाती भरल्यासारखी होते. काहींचं मन उदास होतं, आणि ती तक्रार ‘नखरे’ म्हणून उडवून लावू नये. आधी रक्तदाब बघायलाच हवा. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन होणारी अर्धशिशी, रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास, यकृताचा गंभीर विकार असेल तर इस्ट्रोजेनची गोळी देता येत नाही, प्रोजेस्टेरॉनच्या औषधांचा विचार करावा लागतो. काही मुलींना एका औषधानं फरक पडत नाही, दुसरं बघावं लागतं. आजार यानं मुळातून जात नाही. औषध थांबवलं की दुखणं परतू शकतं. चिकटलेली आतडी गोळीनं सुटत नाहीत, मोठ्या गाठीला शस्त्रक्रिया लागू शकते. मूल हवं असेल तेव्हा या गोळ्यांचा उपयोग नाही, तिथे वेगळे उपचार करावे लागतात. हे सगळं नीट तोलायला डॉक्टर हवा. म्हणूनच मी गोळी शाळेत वाटा असं म्हणत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मुलीला तपासून ती द्यावी, असं म्हणते आहे.

पहिली पायरी चुकली की काय होतं, हे बीड जिल्ह्यानं राज्याला दाखवलं आहे. २०१९ साली राज्य सरकारनं नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जी पाहणी आली, त्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांतल्या कितींना कोणता आजार होता हे मला ठाऊक नाही, आणि त्या सगळ्या एंडोमेट्रिओसिसच्या होत्या असं मी म्हणणार नाही. पण उसाच्या फडात एक दिवस खाडा पडला की उचलीतून पैसे कापले जातात आणि पाळीचे दिवस म्हणजे खाड्याचे दिवस. अशा बाईच्या दुखण्याला आणि रक्तस्रावाला महिन्यामागून महिने कुणी औषध दिलं नाही, तर ‘पिशवी काढून टाक’ हा सल्ला तिला सुटका वाटतो. एंडोमेट्रिओसिस असेल तर ती सुटकाही पक्की नसते, कारण तो पिशवीच्या बाहेर असतो. बीजकोशही काढले तर ऐन तरुणपणी रजोनिवृत्ती येते आणि हाडं झिजू लागतात. अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी केंद्र सरकारनं २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. शस्त्रक्रिया टाळणं झालं शेवटचं टोक. सुरुवातीचं टोक आहे वेळेवर दिलेलं औषध.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. नवी इमारत नको, नवी योजना नको.

पहिली मागणी: संयुक्त गोळी ही पाळीच्या तीव्र वेदनांवरचं औषध म्हणूनही देता येईल आणि त्यासाठी लग्न झालेलं असण्याची अट नसेल, असं लेखी काढा. तसा कागद हाती नसेल तर नर्सबाई आणि डॉक्टर घाबरतात. अठराच्या आतल्या मुलीला गर्भनिरोधक दिलं म्हणून उद्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या चौकशीत आपलं नाव येईल, ही भीती खोटी नाही. केसपेपरवर ‘वेदनेसाठी’ असं स्पष्ट लिहिलं, अल्पवयीन मुलीच्या पालकांची संमती घेतली आणि साठ्याची नोंद कुटुंब नियोजनापासून वेगळ्या रकान्यात केली, की ती भीती उरत नाही. गावातही ‘अमक्याची पोर गोळ्या घेते’ अशी कुजबुज होणार नाही.

दुसरी मागणी: किशोरवयीन मुलामुलींसाठी आपली ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत, शाळांमध्ये आरोग्य तपासणीची पथकं येतात. वजन, उंची, हिमोग्लोबिन मोजतात. त्यासोबत पाळी सुरू झालेल्या मुलीला एकांतात, बाई कर्मचाऱ्यानं तीन प्रश्न विचारावेत. दुखण्यामुळे शाळा बुडते का? वेदनाशामक गोळी घेऊनही दुखणं थांबत नाही का? त्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला जाताना कळ येते का? उत्तर ‘हो’ आलं तर आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्यावी. विवाहित स्त्रीला आशाताईंनी चौथा प्रश्न विचारावा, संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं का. हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणीही आपणहून सांगत नाही.

तिसरी मागणी: तीन-चार महिन्यांत पहिल्या औषधानं फरक पडला नाही तर पुढे कुठे पाठवायचं, ते प्रत्येक जिल्ह्यात ठरलेलं असावं. डायनोजेस्ट आणि संप्रेरकाचं उपकरण निदान जिल्हा आणि स्त्री रुग्णालयांत मिळावं. वर्षानुवर्षं घ्यायची गोळी मेडिकलमधून विकत घ्यायची म्हणजे मजुराच्या घरी ती दुसऱ्या महिन्यातच बंद पडते. आणि पिशवी काढण्याच्या प्रत्येक अर्जावर, आधी कोणतं औषध किती महिने दिलं होतं, हा रकाना भरल्याशिवाय पुढचा कागद हलू नये.

ऑस्ट्रेलियानं २०१८ साली एंडोमेट्रिओसिससाठी राष्ट्रीय कृती आराखडा केला. फ्रान्सनं २०२२ साली राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. आपल्याला त्यांच्याएवढा पैसा लागणार नाही. गावोगाव पोहोचणारी आशाताईंची फळी त्यांच्याकडे नाही, आपल्याकडे आहे. सॅनिटरी नॅपकिनसाठी २०१८ साली ‘अस्मिता’ योजना आणून राज्यानं पाळी हा शब्द सरकारी कागदावर आणलाच होता. नॅपकिननं डाग झाकला जातो, दुखणं नाही. त्याच कागदावर आता वेदनेची ओळ यायला हवी.

मंत्रिमहोदय, या पत्राला आभाराचं उत्तर नको आणि मला भेटीची वेळही नको. वर मागितलेला शासन निर्णय निघाला, की त्याची एक प्रत माझ्या जुन्या शाळेच्या सूचना फलकावर लावण्यासाठी पाठवा. रजेच्या चिठ्ठीत ताप लिहिणाऱ्या मुलींना तो तिथे वाचता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका